होळीचा सण आणि हामानचे कान: लहान मुलाचा पहिला पुरीम

प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याच्या संशोधनासाठी इस्राएलमधल्या रेहोवोतला येऊन सहा महिने झालेलं पुण्याचं कुटुंब. मुलगा साडेचार वर्षांचा. बालवाडीतून हिब्रू चिठ्ठी आलीय: पुरीमला, म्हणजे यहुद्यांच्या वेषांच्या आणि गोंगाटाच्या सणाला, वेष करून यायचं, आणि चिठ्ठीवर नाव असलेल्या एका मुलासाठी खाऊचं पुडकं आणायचं. मुलगा मुखवट्यांना घाबरतो, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजले की कान दाबून घेतो. आई विचारते: त्याला पाठवू की त्या दिवशी घरीच ठेवू? शिवाजी महाराज केलं तर चालेल का? खाऊ घरी केलेला देऊ का? आणि गोष्टीत फाशी आहे म्हणे, ती कशी सांगू?

पाठवा. पण आधी आठ दिवस घरी थोडी तयारी करा.

मी ठाण्यात वाढलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. अश्दोदला बालवाडीची बाई म्हणून २६ वर्षं झाली, म्हणजे २६ पुरीम या हातांनी पार पाडले. सगळे धड पार पडले असं नाही. दुसऱ्याच वर्षी मी उत्साहात घरूनच पूर्ण विदूषक होऊन गेले. पांढरा रंग, लाल नाक, हिरवा टोप. दारातून आत पाऊल टाकलं आणि तीन मुलं एकदम किंचाळली. त्यातली एक मुलगी तर पुढे पेसाहपर्यंत (वल्हांडणाचा सण), म्हणजे महिनाभर, माझ्या मांडीवर बसायला तयार नव्हती. रोज जिच्या हातून ती केळं खायची, ती बाई कुठे गेली आणि ही कोण आली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी त्या दिवशी साध्या कपड्यांत येते. मुलं जमिनीवर गोल बसली की त्यांच्यासमोर आधी नाक लावते, मग काढते. पुन्हा लावते. मग टोप. एखादं मूल येऊन नाक ओढून बघतं, मग सगळीच येतात. रंग फक्त गालावर, तोही त्यांच्यादेखत.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच घरी करा. कागदाच्या थाळीला डोळ्यांची भोकं पाडा आणि मागे आइस्क्रीमची काडी चिकटवा. रबराने डोक्याला बांधायचा मुखवटा नको, हातात धरायचा हवा. कारण हातातला मुखवटा तो स्वतः खाली करू शकतो. आरशासमोर आधी त्याला खेळू द्या, मग तुम्ही धरा, आणि ‘आई कुठे गेली?’ हा खेळ तो कंटाळेपर्यंत चालू द्या. कंटाळला की समजा, भीती गेली. बालवाडीच्या बाईंनाही आधी सांगून ठेवा की हा मुखवट्यांना घाबरतो. बऱ्याच बालवाड्यांत पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे आणि खेळण्यातली हत्यारं आणू देत नाहीत. तुमच्या चिठ्ठीत तसं असेल, नसेल तर विचारून घ्या.

आता आवाजाचं. पुरीमच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनामंदिरात (आमच्याकडे कोकणात आणि मुंबईत त्याला सरळ मशीद म्हणतात, त्यावरून दचकू नका) एस्तेरचा ग्रंथ गुंडाळीवरून वाचतात. त्याला मेगिल्ला म्हणायचं. हामान हा त्यातला खलनायक. त्याचं नाव आलं रे आलं की मुलं खुळखुळे फिरवतात, पाय आपटतात, ओरडतात. त्या खुळखुळ्याला इथे रअशान म्हणतात. मेगिल्लेत हामानचं नाव ५४ वेळा येतं. तेव्हा तुमच्या मुलाच्या दृष्टीने ही ५४ ढोलांची मिरवणूकच.

पण एक गोष्ट बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मेगिल्लेतला प्रत्येक शब्द ऐकला गेला पाहिजे असा नियम आहे. एक शब्दही आवाजात बुडला तर चालत नाही. म्हणून वाचणारा थांबतो, गोंगाट होऊ देतो, हात वर करतो आणि सगळे गप्प झाले की पुढे वाचतो. पोरांना गोंगाट शिकवावा लागत नाही. शिकवावं लागतं ते थांबणं. आमची अदार महिन्यातली (हिब्रू पंचांगातला पुरीमचा महिना) निम्मी मेहनत त्या वर केलेल्या हातावर जाते. आणि मुलाला एकदा कळलं की हा आवाज आपणच सुरू करतो आणि हात वर झाला की तो नक्की थांबतो, की घाबरणारी मुलंही आवाजाला सरावतात. ढोलाला तुमचा मुलगा कान दाबतो, कारण तो कधी थांबणार ते त्याला माहीत नसतं.

घरी करायचं ते असं. छोटी रिकामी पाण्याची बाटली घ्या. मूठभर राजमा किंवा छोले आत टाका. झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. धाकटं भावंड असेल तर पाच वेढे, कारण दाणा नाकात गेला की पुरीम दवाखान्यात साजरा होतो. मग कोणतीही गोष्ट सांगायला घ्या, अगदी चिमणी-कावळ्याची. मधेच ‘हामान’ म्हणा. त्याने बाटली हलवायची, तुम्ही हात वर केला की थांबायचं. दोन-तीन दिवसांनी हात वर करायचं काम त्याच्याकडे द्या आणि बाटली तुम्ही वाजवा. हा अदलाबदलीचा भाग टाळू नका. खरं काम तिथेच होतं. जुनी एक रीतही आहे, चपलेच्या तळव्यावर खडूने हामानचं नाव लिहायचं आणि पाय आपटून ते पुसायचं. ज्या मुलांना खुळखुळा नको असतो, त्यांच्यासाठी ती फार सोयीची. आवाज जमिनीत जातो आणि काम झालेलं डोळ्यांनी दिसतं.

रस्त्यावरचे टिकल्यांचे आवाज मात्र कुणी हात वर करून थांबत नाहीत. मोठी पोरं फटाके आणि टिकल्यांची पिस्तुलं घेऊन फिरतात. दरवर्षी त्यांच्याबद्दल इशारे निघतात आणि दरवर्षी ते फुटतात. अश्दोदच्या मुलांनी रॉकेट हल्ल्याचे भोंगे ऐकलेत, त्यातली काही अजून एका टिकलीला सुरक्षित खोलीकडे पळतात. त्या दिवसांत संध्याकाळी बागेत जाणार असाल तर लवकर जाऊन या. मिरवणुकांचंही तेच. अद्लोयादा म्हणतात त्या मिरवणुकीला. तेल अवीवमध्ये ती १९१२ मध्ये सुरू झाली, होलोनची आज प्रसिद्ध आहे. पहिल्या वर्षी नका नेऊ. साडेचार वर्षांच्या मुलाला तिथे मोठ्यांच्या कमरा दिसतात आणि डोळ्यांत फेसाचा फवारा जातो.

वेषाबद्दल. शिवाजी महाराज जरूर करा, पण फेटा बांधायच्या भानगडीत पडू नका. या वयाच्या डोक्यावर बांधलेला फेटा दहा मिनिटं टिकतो, मग दिवसभर बाई तो हातात घेऊन फिरते. शिवून घेतलेला जिरेटोप बरा. अंगरखा सुती असू द्या, दुकानातले चकचकीत कपडे पटकन पेट घेतात आणि मार्चमध्ये इथे कधी एकदम उकाडा होतो. दाढी-मिशा काजळपेन्सिलने, चिकटवलेल्या नकोत. संडासला स्वतः जाता येईल अशी सलवार हवी. हे मी गमतीने सांगत नाहीये. पुरीमच्या दिवशी बालवाडीत सर्वांत जास्त रडारड ओल्या वेषांमुळे होते.

महाराज कोण, ते तिथे कुणाला कळणार नाही, आणि मुलाला ते लागेल. ‘तू कोण झालास?’ याला त्याच्याकडे उत्तर हवं. त्याला एवढंच पाठ करून द्या: ‘अनी मेलेख मे-होदू.’ मी भारतातला राजा. होदू म्हणजे भारत. आणि गंमत अशी की मेगिल्लेच्या पहिल्याच ओळीत हा शब्द आहे: अहश्वेरोश राजाचं राज्य ‘मे-होदू वे-अद कूश’, हिंदुस्थानापासून कूशपर्यंत, १२७ प्रांतांवर होतं. बालवाडीत ही ओळ वाचली जाईल तेव्हा बाईंना त्याच्याकडे बोट दाखवायला सांगा. माझ्या वर्गात एका वर्षी केरळहून आलेल्या आईची मुलगी होती, तिच्याकडे मी असंच बोट दाखवलं. नंतर आठवडाभर ती प्रत्येकाला सांगत होती की पुस्तकात माझं गाव आहे. एक धोका मात्र आहे. दुकानात होदू म्हणजे टर्कीचं मांस. एखादं पोरगं ‘तू टर्कीतला राजा!’ म्हणून हसणारच. हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो आधी हसेल.

आता गोष्ट, आणि फाशी.

मूळ ग्रंथ मुलांसाठी लिहिलेला नाहीच. दहा अध्याय. १८० दिवसांची मेजवानी, दारू पिऊन राणीला दरबारात बोलावणारा राजा, ‘येत नाही’ म्हणणारी वश्ती राणी, मग देशभरातून जमवलेल्या मुली, त्यांतली एस्तेर. एस्तेरचा चुलतभाऊ मर्दखय हामानला मुजरा करत नाही, म्हणून हामान सगळ्या यहुद्यांना मारायचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवतो. ती चिठ्ठी म्हणजे ‘पुर’, त्यावरून सणाचं नाव. शेवटी मर्दखयसाठी उभारलेल्या ५० हात उंच खांबावर हामानलाच टांगतात. पुढे नवव्या अध्यायात तर ७५ हजार माणसं मारल्याचा आकडा आहे. आणि एवढ्या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला यातलं किती सांगायचं? मी वश्तीचं एका वाक्यात सांगते: राजाने बोलावलं, तिला जायचं नव्हतं, ती नाही म्हणाली. एस्तेरला भीती वाटली, पण ती गेली, हे सांगते. हामानला राजाने राजवाड्यातून काढून टाकलं, तो परत आला नाही, इथे थांबते. हे खोटं नाही, अपुरं आहे, आणि त्या वयाला तेवढं पुरतं. पण मुलं मोठ्यांकडून ऐकून येतात. एखादा विचारतोच, ‘त्याला मारलं ना?’ तेव्हा ‘छे छे’ म्हणू नका. ‘हो, गोष्टीत तसं आहे. फार जुन्या काळचे राजे असं करायचे’ म्हणायचं आणि पुढे जायचं. तुम्ही घाईने विषय बदललात तर ते त्याच्या रात्रीच्या स्वप्नात येतं. ७५ हजारांचं बोलणं नऊ-दहा वर्षांच्या पुढे, आणि तेव्हा मात्र टाळू नये. सूडाबद्दल ती मुलं आपणहून प्रश्न विचारतात, आणि त्यांना चर्चा करता येते.

लहानांसाठी खरा खजिना सहाव्या अध्यायात आहे, आणि गोष्टीच्या बहुतेक चित्रपुस्तकांत तो एका पानात उरकतात. राजाला रात्री झोप येत नाही. तो दप्तर वाचायला लावतो. त्यात निघतं की मर्दखयने एकदा राजाचा जीव वाचवला होता आणि त्याला काहीच बक्षीस दिलेलं नाही. तेवढ्यात हामान येतो. राजा विचारतो, ‘ज्याचा मान करावासा वाटतो त्या माणसासाठी काय करावं?’ हामानला वाटतं, माझ्याशिवाय कोण असणार! तो सांगतो: राजाचा पोशाख घाला, राजाच्या घोड्यावर बसवा, एका सरदाराने पुढे चालत ओरडत जावं. राजा म्हणतो, ‘वा! जा, मर्दखयसाठी हे सगळं कर.’ इथे थांबा. मुलाच्या तोंडाकडे बघा. त्याला समजायला दोन सेकंद लागतात आणि मग तो जे हसतो ते हसू बघण्यासाठी मी हा धंदा करते. घरी ते करून बघा. बाबा घोडा, मुलगा मर्दखय, आई हामान. नाक मुरडत ‘बघा बघा, राजा याचा मान करतोय’ असं घरभर ओरडत जायचं. त्याला हामान व्हायचं असेल तर होऊ द्या. आयांना याची उगाच धास्ती वाटते. वाईटाचं सोंग करणारी मुलं वाईटाला कमी घाबरतात, निदान माझ्या पाहण्यात तरी.

खाऊच्या पुडक्याला मिशलोआह मानोत म्हणतात. नियम साधा आहे: एका माणसाला, दोन वेगवेगळे खायचे पदार्थ. बालवाडीत मात्र घरचं नको. तुमच्या चकल्या माझ्याकडे पाठवा, पण बालवाडीत बंद पाकिटंच, कोशर (यहुदी आहारनियमांत बसणारं) छाप असलेली. काही घरं कोशर कडक पाळतात. शिवाय शेंगदाण्याची, तिळाची ॲलर्जी असलेलं एखादं मूल हमखास असतं, आणि आपल्या फराळात या दोन्हीतलं काहीतरी असतंच. बिस्किटाचं एक पाकीट, एक सुक्या मेव्याविना खाऊ, आणि पिशवीवर तुमच्या मुलाने काढलेलं चित्र. मोठ्या टोपल्या देऊ नका. एकाची टोपली मोठी, एकाची लहान झाली की चार वर्षांची मुलं त्याचा हिशेब ठेवतात.

याच सणाचा दुसरा नियम लोक विसरतात: किमान दोन गरजूंना काही द्यायचं. रामबाम या मध्ययुगातल्या यहुदी धर्मपंडिताने तर स्पष्ट लिहिलंय की जेवणावर आणि खाऊच्या पुडक्यांवर वाढीव खर्च करण्यापेक्षा गरिबांना जास्त द्यावं. मुलाच्या हातात दोन नाणी द्या, दोन वेगळ्या ठिकाणी त्यालाच टाकू द्या. बस. त्यावर व्याख्यान नको.

घरी मात्र हामानचे कान करा. इथे त्यांना ओझ्नेइ हामान म्हणतात, तीन कोपऱ्यांची सारण भरलेली बिस्किटं. करंजी येते त्याला हे येतं, फक्त सवयी उलट्या करायच्या. ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम थंड लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, चिमूट मीठ. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, मग साखर आणि अंडं घालून गोळा जमवा. कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की कडक होतं. तासभर फ्रीजमध्ये. मग तीन-चार मिलिमीटर जाड लाटून सात-आठ सेंटिमीटरची वाटी पालथी घालून चकत्या पाडा. वाटी दाबायचं काम मुलाचं. मधे एक छोटा चमचा सारण. एकच. सगळी मुलं दोन चमचे घालतात आणि सगळे कान भट्टीत उघडतात. मग तीन बाजू आत घेऊन कोपरे चिमटायचे, मधे खिडकी ठेवायची. करंजीसारखी मुरड नको, चिमटा पुरतो, पण घट्ट. चिमटून झाले की ताटासकट पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. एवढी एक गोष्ट केलीत तर आकार मोडत नाही. १८० अंशांवर पंधरा मिनिटं, कडा सोनेरी झाल्या की काढा.

सारणात इथले लोक काळी खसखस किंवा खजूर घालतात. खजुराचा तयार गोळा दुकानात मिळतो, त्यात वेलची घाला. आमच्या घरी पुरणाचे कान होतात. माझी आजी पेणची. ती पुरीम हा शब्द फारसा वापरत नसे, ‘होळीचा सण’ म्हणायची. बेने इस्राएलांत सणांना अशी जुनी मराठी नावं होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, आणि हा होळीचा. कारण उघड आहे. पुरीम अदार महिन्याच्या १४ तारखेला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर, आणि होळी फाल्गुन पौर्णिमेला. २०२४ मध्ये २४ मार्चला पुरीम होता, त्याच संध्याकाळी होळी पेटली. २०२५ मध्ये पुरीम आणि धुळवड दोन्ही १४ मार्चला. अधिक महिने जुळले नाहीत की महिनाभराचं अंतर पडतं, २०२१ मध्ये पुरीम २६ फेब्रुवारीला होता आणि होळी २८ मार्चला. शेजारी बोंबा मारायचे, आम्ही मशिदीत पाय आपटायचो, आणि दोन्हीकडे पुरणपोळी. तुमच्या मुलाला ‘ही इथली होळी’ एवढं सांगितलंत तर अर्धी ओळख तिथेच होते. तिथी बरोबर, आरडाओरडा बरोबर, खाणं बरोबर.

पुरण भरायचं तर पोळीपेक्षा बरंच कोरडं शिजवा. चमचा उभा राहिला की अजून दोन मिनिटं. कोशर घरात मांसाबरोबर दुधाचं काही चालत नाही; लोण्याऐवजी तेल घातलंत तर मटणाच्या जेवणानंतरही कान खाता येतात, शेजाऱ्यांना द्यायचे असतील तर आधी विचारा.

राहिलं ते तारखांचं. बालवाडीतला कार्यक्रम सणाच्या एक-दोन दिवस आधी होतो, कारण पुरीमला सुट्टी असते. त्याच्याही आधी एक दिवस उलटे कपडे, एक दिवस रात्रीचे कपडे असले प्रकार असतील, चिठ्ठ्या नीट वाचा. नाहीतर तो एकटाच सुलट येतो आणि रडतो. यरुशलेममध्ये सण एक दिवस नंतर, १५ अदारला, कारण तो जुन्या काळी तटबंदीच्या शहरांचा दिवस. तिथे कुणी ओळखीचं असेल तर दुसऱ्या दिवशी तोच वेष पुन्हा वापरता येईल. १३ तारखेचा एस्तेरचा उपास मुलांना नसतो. पुरीमच्या दिवशी दिवसा होणाऱ्या मेजवानीत मोठी माणसं नेहमीपेक्षा जास्त पितात, तो या सणाचा भागच आहे. कुणाकडे बोलावलं तर जा, पण मुलाला घेऊन वेळेत निघा, आणि गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा.

कार्यक्रमाच्या दिवशी त्याला सकाळी पोचवताना बाकीच्यांच्या दहा मिनिटं आधी जा. रिकामी खोली, ओळखीची बाई, मग एकेक करून वेष येताना त्याला दिसतील. पिशवीत रोजचे कपडे ठेवा. तो अकरा वाजता जिरेटोप काढून बसला तर बसू द्या. आणि तलवार घरीच ठेवा.